वसईच्या चर्चमधली संस्कार-सेवा: ठरलेल्या तारखेला उत्तम, अडल्या वेळी कमी-जास्त

वसई धर्मप्रांतातल्या एखाद्या चर्चची संस्कार-सेवा, म्हणजे बाप्तिस्मा, पापनिवेदन, लग्न अशा विधींची व्यवस्था, कशी आहे, हे पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (होली कम्युनियनच्या) रविवारी जाऊन ठरवू नये. त्या दिवशी सगळीकडे सुंदरच असते. पांढरे पोशाख, फुलांनी भरलेली वेदी, महिनाभर तालीम केलेले गायनमंडळ. पारख करायचीच तर शनिवारी संध्याकाळी कुमसाराच्या (पापनिवेदनाच्या) रांगेत करावी. नाहीतर रात्री साडेअकराला "बाबांना धाप लागलीय, फादरना पाठवता का?" असा फोन लावल्यावर पलीकडे कोण उचलतो आणि काय विचारतो, त्यावरून करावी. तारीख आधी ठरते ते संस्कार आणि गरज पडली की मागायचे संस्कार, या दोहोंत इथल्या सेवेचा दर्जा सारखा नाही. नव्याने संसार मांडणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून इथे दोन्ही बाजू तपशिलाने मांडल्या आहेत.

आधी जमेची बाजू. हा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा चर्चचा विभाग, १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. पापडीचे कॅथेड्रल धरून नंदाखाल, सांडोर, रमेदी, निर्मळ, आगाशी अशा जुन्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) उपासना मराठीत चालते, आणि ती उरकलेली नसते. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजीसुद्धा मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) सगळी उत्तरे न बघता म्हणते. संस्काराचे शब्द आपल्या भाषेत कानावर पडतात आणि समजतात, हा या सेवेचा सगळ्यात मोठा गुण.

बाप्तिस्म्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी चोख आहे. चर्चचा कायदा सांगतो की मूल जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आईवडिलांनी त्याच्या बाप्तिस्म्याची काळजी घ्यावी. प्रत्यक्षात तारीख पुढे जाते ती हॉल मिळत नाही म्हणून, किंवा आखातातला मामा सुट्टीवर यायचा असतो म्हणून. ज्या ऑफिसात पहिला प्रश्न "हॉल कधीचा?" असा न येता "बाळ कसं आहे?" असा येतो, ते ऑफिस चांगले. जेवण नंतर घालता येते. मामाच धर्मपिता (गॉडफादर) व्हायचा असेल तर त्याच्या वतीने प्रतिनिधी उभा करता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.

कागद फार लागत नाहीत. बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला आणि धर्मपिता-धर्ममाता दुसऱ्या धर्मग्रामातले असतील तर त्यांच्या फादरांचे पत्र. अडते ते धर्ममातापित्यांच्या निवडीत. ती व्यक्ती कॅथलिक हवी, वयाची १६ वर्षे पूर्ण झालेली हवी, ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) घेतलेली हवी, श्रद्धेला धरून जगणारी हवी, आणि बाळाची आई किंवा बाप नसावी. एकच व्यक्ती असली तरी पुरते. दोघे असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. दोन मैत्रिणींना धर्ममाता करायचे ठरवून कार्ड छापून मोकळे झालेले पालक ऑफिसात येतात आणि मग वाद होतो. प्रोटेस्टंट मित्र असेल तर तो कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. हिंदू शेजारीण कितीही जवळची असली तरी नोंदवहीत धर्ममाता होऊ शकत नाही. हे पालकांच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले पाहिजे. काही ठिकाणी ते बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी कळते, तेव्हा दोष पालकांचा नसतो.

विधीत दोनच गोष्टी अशा आहेत की त्या चुकल्या तर संस्कार होतच नाही: पाणी आणि शब्द. पाणी डोक्यावरून वाहिले पाहिजे. ओल्या बोटाने कपाळ पुसणे म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. शब्द "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो" असेच हवेत. सगळ्यांना सामावून घेण्याच्या भरात "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" असे म्हटले तर तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही, हे व्हॅटिकनने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे परदेशात काहींना पुन्हा संस्कार घ्यावे लागले. आपल्याकडे छापील विधी पाळला जातो, तेव्हा भीती नको. खटकतो तो फोटोग्राफर. बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवती तिघे कॅमेरे घेऊन उभे राहिले की आजीआजोबांना काहीच दिसत नाही. एकच फोटोग्राफर आणि त्याची जागा ठरलेली, असा नियम जिथे आहे तिथे विधी निवांत होतो.

नवजात अतिदक्षता विभागातले बाळ दगावेल अशी भीती असेल तर फादरांची वाट बघत बसू नये. अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते. बाप, आजी, ड्युटीवरची नर्स, ती ख्रिस्ती नसली तरी चालते. चर्चला जे करायचे आहे तेच मला करायचे आहे, एवढा हेतू पुरतो. डॉक्टरांना विचारून थोडेसे साधे पाणी बाळाच्या डोक्यावरून वाहील असे ओतायचे आणि त्याच वेळी वरचे वाक्य म्हणायचे. मग धर्मग्रामात कळवून नोंद करून घ्यायची. बाळ बरे झाले की तेल, पांढरे वस्त्र, मेणबत्ती हे उरलेले विधी चर्चमध्ये होतात, पाणी पुन्हा ओतत नाहीत. ही माहिती प्रत्येक गरोदर बाईला आधीच मिळायला हवी. फार थोड्या धर्मग्रामांत ती दिली जाते.

नोंद झाली की त्याच दिवशी वही बघून घ्यावी. तुस्कानो, डाबरे, लोपीस, रॉड्रिग्ज या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे घराघरांत वेगळी असतात. जन्मदाखल्यावर एक आणि चर्चच्या वहीत दुसरे, हे पासपोर्ट काढताना किंवा लग्न ठरल्यावर उघडकीला येते. मग दुरुस्तीसाठी पुरावे जोडून अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात.

पहिला ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण यांबद्दल तक्रारीला जागा कमी. रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग नेटाने चालतात, आणि तिथे राबणाऱ्या शिक्षिका पगाराशिवाय राबतात. ख्रिस्तप्रसादाआधी मुलाचे पापनिवेदन व्हावेच लागते. ते घाईने, पन्नास मुलांना एका दुपारी बसवून उरकू नये, एवढेच मागणे. पोशाख सर्वांना सारखा, साधा झगा असेल तर उत्तम, कारण झालरीच्या पोशाखांची चढाओढ गरीब घराला महाग पडते. उपवास एका तासाचा आहे: ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचे-प्यायचे नाही. पाणी आणि औषध चालते, आणि आजारी, वृद्ध व त्यांची सेवा करणाऱ्यांना तीही अट नाही. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असलेल्या मुलाच्या पालकांनी आधीच फादरांना सांगावे. तांदळाची किंवा अजिबात ग्लूटेन नसलेली होस्त (ख्रिस्तप्रसादाची चकती) चालत नाही, ती गव्हाचीच लागते. पण अत्यल्प ग्लूटेनची होस्त ग्राह्य आहे, आणि तीही सोसत नसेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. त्यासाठी वेगळा पेला ठेवावा लागतो. ज्या पेल्यात होस्तीचा तुकडा टाकलेला असतो, तो त्या मुलासाठी कामाचा नाही.

आता कुमसार. इथे सेवा चर्चगणिक बदलते. वेळ बाहेरच्या फलकावर लिहिलेली आणि त्या वेळी फादर खरोखरच बसलेले, एवढे जमले तरी निम्मे काम झाले. बऱ्याच ठिकाणी पापनिवेदन मिस्साआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत कोंबलेले असते. रांगेत बारा जण, घंटा वाजते, फादर उठतात आणि मागचे पाच जण तसेच जागेवर जाऊन बसतात. ज्याला वर्षानुवर्षे जड वाटणारे काही सांगायचे आहे तो त्या रांगेत उभाच राहत नाही. शनिवारी संध्याकाळी मिस्सापासून वेगळा पाऊण तास हवा. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) शेजारच्या धर्मग्रामांतले पाच-सहा फादर एकत्र बोलावून सामूहिक प्रार्थना आणि मग प्रत्येकाचे वेगळे पापनिवेदन, ही पद्धत फार चांगली. तिच्यामुळे पवित्र आठवड्यातली झुंबड कमी होते.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा. खांबाशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची, वर पंखा, दोन हातांवर रांग: अशा जागी माणूस हळू बोलतो, फादरांना ऐकू येत नाही, फादर मोठ्याने विचारतात. जाळी असलेली बंदिस्त जागा मागणे हा भाविकाचा हक्क आहे, चर्चचा कायदाच ती सोय ठेवायला सांगतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी आत खुर्ची हवी आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी दार लागणारी वेगळी खोली. पश्चात्तापाची प्रार्थना मोठ्या अक्षरांत छापून जाळीशेजारी चिकटवली तर कितीतरी लोक परततील. पुष्कळजण केवळ ती विसरल्याच्या संकोचाने टाळतात.

फार वर्षांनी जाणाऱ्याला क्रम माहीत असावा. क्रुसाची खूण करायची, मागचे पापनिवेदन साधारण किती दिवसांपूर्वी झाले ते सांगायचे. गंभीर पापे प्रकार आणि अंदाजे किती वेळा ते सांगून मोकळे करायची, गोष्ट रंगवून सांगायची गरज नाही. फादर प्रायश्चित्त देतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, मग पापमुक्तीचे शब्द ऐकायचे. प्रायश्चित्त त्याच दिवशी पुरे करावे. काही आठवत नसेल तर "फादर, मला मदत करा" म्हटले तरी चांगला धर्मगुरू पुढचे सांभाळून घेतो. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून पापनिवेदन होत नाही. आणि ऐकलेले फादर कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत, कोर्टातही नाही.

रुग्णाभ्यंगाच्या, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराच्या, बाबतीत मात्र दोष दोन्हीकडे आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. आपल्याकडे अजून त्याला 'शेवटचं तेल' म्हणतात. फादर दारात दिसले की आजारी माणूस घाबरेल, म्हणून घरचे थांबतात. थांबता थांबता माणूस बेशुद्ध होतो. मग ना पापनिवेदन होते, ना ख्रिस्तप्रसाद गिळता येतो. हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले आणि १९७२ मध्ये सहावे पोप पॉल यांनी विधीच नव्याने दिला. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, कर्करोगाचे निदान झाल्यावर, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, वयाने खंगत चाललेल्या आजोबांना विशेष आजार नसतानाही तो द्यायचा असतो. बरे होऊन पुन्हा गंभीर आजारी पडल्यास किंवा त्याच आजारात प्रकृती ढासळल्यास पुन्हा घेता येतो. तेव्हा माणूस शुद्धीवर असताना, स्वतः 'आमेन' म्हणू शकतो तेव्हाच बोलवा.

फोनवर सांगायच्या गोष्टी ठरलेल्या: नाव, वय, पूर्ण पत्ता किंवा इस्पितळ-मजला-खाट क्रमांक, शुद्ध आहे का, गिळता येते का, नाकातून नळी आहे का, आणि दाराशी कोण उभे राहील त्याचा नंबर. घरी एका लहान टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवायचे. ऑक्सिजन लावलेला असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. ही चूक घरोघरी होते आणि ती जिवावर बेतू शकते. गिळायला त्रास असेल तर होस्तीचा अगदी लहान कण पाण्याच्या घोटासोबत देतात. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात. हाताला सलाईन, पट्ट्या असतील तर एकट्या कपाळाला लावले तरी पुरते. अतिदक्षता विभागात पाच मिनिटे मिळतात, म्हणून आधीच ड्युटीवरच्या सिस्टरशी बोलून ठेवावे.

हे तेल फक्त धर्मगुरूच लावू शकतात, ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारे प्रापंचिक सेवक किंवा धर्मभगिनी नाही. मृत्यू झाला हे नक्की असेल तर संस्कार देत नाहीत, मृतासाठी प्रार्थना करतात. शंका असेल तर देतात. म्हणून "आता काय उपयोग" असे म्हणत फोन टाळू नये. रुग्ण मुंबईत दाखल असेल तर वसईहून फादर निघतील याची वाट बघण्यापेक्षा इस्पितळाच्या सर्वांत जवळच्या चर्चला फोन करा. रुग्णाला संस्कार हवा आहे, ओळखीचा फादर नंतर भेटू शकतो.

धर्मग्रामांनी सुधारायचे ते असे: रात्रीसाठी एकच मोबाईल नंबर, तो चर्चच्या दारावर आणि प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाच्या (शेजारच्या घरांच्या गटाच्या) प्रमुखाकडे. फादर एकटे असतील आणि बाहेरगावी गेले असतील तर त्या दिवशी शेजारचा कोणता धर्मग्राम येईल, हे आधी ठरलेले हवे. जिथे हे केले आहे तिथली सेवा मनापासून वाखाणण्यासारखी आहे. जिथे ऑफिसचा लँडलाइन रात्रभर वाजत राहतो, तिथे बाकी सगळे कितीही देखणे असले तरी आमचे मत खाली येते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याची प्रथा मात्र नीट पाळली जाते. त्या यादीत नाव घालून घ्यायला ऑफिसात एक चिठ्ठी पुरते.

लग्नाचे काम सगळ्यात जास्त कागदांचे. हॉल आणि बँड ठरवण्याआधी, निदान सहा महिने अगोदर, दोघांनी आपापल्या फादरांना भेटावे. बाप्तिस्म्याचा दाखला जुना चालत नाही, गेल्या सहा महिन्यांत काढलेला मागतात. कारण सरळ आहे: दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा (धर्मगुरू होणे) या सगळ्यांची टीप बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी केली जाते, आणि ताजा दाखला पाहिल्याशिवाय माणूस लग्नाला मोकळा आहे की नाही ते कळत नाही. त्यानंतर विवाहपूर्व प्रशिक्षण, दोघांची वेगवेगळी चौकशी, चर्चमध्ये पुकार (लग्नाची जाहीर घोषणा), दोन साक्षीदार. चौकशी वेगवेगळी का, यावर घरचे रागावतात. पण कोणी दबावाने तर लग्न करत नाही ना, हे आई-मावशीसमोर विचारता येत नाही.

जोडीदार ख्रिस्ती पण कॅथलिक नसेल तर परवानगी लागते. बाप्तिस्मा न झालेला, म्हणजे हिंदू किंवा मुस्लिम वगैरे असेल तर बिशपांची सूट लागते आणि ती नसेल तर लग्न ग्राह्यच धरले जात नाही. कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा न सोडण्याचे आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून पुरता प्रयत्न करण्याचे वचन द्यायचे असते. दुसऱ्या व्यक्तीला ते फक्त कळवतात, तिच्याकडून धर्मांतराची सही मागत नाहीत. हे ऑफिसात शांतपणे समजावले तर दोन्ही घरांची भीती जाते. घाईत, उभ्याउभ्या सांगितले तर दुरावा येतो.

व्हिसासाठी आधी रजिस्टर लग्न आणि चर्चमधले 'नंतर बघू', ही अलीकडची सवय. कॅथलिकांसाठी चर्चच्या नजरेत ते लग्न झालेलेच नसते, आणि मधली वर्षे ख्रिस्तप्रसादाविना जातात. तसे झाले असेल तर लाजून दूर राहू नये. पुन्हा मोठा सोहळा न करता, दोन साक्षीदारांसमोर लग्न ग्राह्य करून घेता येते. गोव्यातल्या स्थळाशी लग्न तिकडे व्हायचे असेल तर तिथली रीत निराळी आहे: आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडची प्रक्रिया आणि त्यांचे पत्र, मग चर्च. वसईच्या कुटुंबांना हे ऐनवेळी कळते.

पैशांबद्दल. संस्काराची किंमत नसते. बिशपांनी ठरवलेल्या देणगीपलीकडे फादर काही मागू शकत नाहीत, आणि ऐपत नसलेल्याला संस्कार नाकारता येत नाही. हॉल, सजावट, गायनमंडळ, वीज यांचा खर्च वेगळा. तो फलकावर लिहिलेला असला की कुजबुज थांबते.

परदेशी गेलेल्यांसाठी शेवटची सूचना. कॅनडात, इस्रायलमध्ये किंवा आखातात लग्न किंवा मुलाचे दृढीकरण होणार असेल तर तिकडचे चर्च वसईच्या मूळ धर्मग्रामाकडून दाखला मागते, आणि संस्कार झाल्यावर इकडे कळवते, म्हणजे वहीत टीप पडते. ती टीप पडली का, हे स्वतः विचारून घ्यावे. कळवलेले पत्र हरवले तर पुढे घोटाळा होतो. घरच्या माणसाला दाखला आणायला पाठवणार असाल तर सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या. अर्जावर पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचा अंदाजे महिना-वर्ष, वडिलांचे नाव आणि आईचे माहेरचे नाव लिहा. एका गावात एकाच नावाची चार माणसे सापडतात, तिथे आईच्या माहेरच्या नावावरूनच नोंद ओळखता येते. मे आणि डिसेंबर टाळून अर्ज करा, त्या दोन महिन्यांत ऑफिसला श्वास घ्यायला फुरसत नसते.